गाविलगडची चढण

धामणगांव रेल्वेच्या फलाटावर उभें राहून वायव्येकडे कितीहि निरखून पाहिलें, तरी गाविलगड दृष्टीस पडत नाहीं. मध्यें काळ्या जमिनीचा सपाट मुलूख पसरला आहे. कपाशी, तूर, आणि बांधांवर बाभळी. गड येथून सडकेनें सव्वाशेंहून अधिक किलोमीटर दूर आहे. तरीहि पाऊस उघडून थंडी पडूं लागली, कीं तरुणांच्या बैठकींत त्याचा विषय निघावयाचाच. एका दिवसांत चढावयाचें, माथा पाहावयाचा आणि दिवस मावळण्याच्या आंत खालीं यावयाचें, असा बेत होतो. पाणी किती न्यावें, शिदोरी कोणती, वाटाड्या कोण, यावर फारसें दुमत होत नाहीं. वाद माजतो तो वाटेविषयीं. एक पक्ष म्हणतो, समोरची उभी सोंड धरावी, अंतर थोडें; दुसरा म्हणतो, वळसा पडला तरी चालेल, पण पाऊल ठरेल अशी वाट धरावी.

हाच वाद, याच गडासंबंधीं, १८०३ च्या डिसेंबरांत एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, दोन इंग्रज सेनापतींच्या पुढें आला होता. त्यांनीं तो कसा सोडविला आणि त्या निर्णयाचें फळ धामणगांवच्या शिवारापर्यंत कसें येऊन पोंचलें, ही हकीकत वऱ्हाडांतील प्रत्येक माणसानें ऐकावी अशी आहे.

प्रारंभीं नांवाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. त्या मोहिमेच्या इंग्रजी कागदांत डोंगराच्या तोंडाशीं असलेल्या एका तटबंदीच्या गांवाचा उल्लेख येतो. साहेबांच्या कानांनीं त्याचें नांव ‘डामरगाम’ असें टिपलें. धामणगांव रेल्वेच्या रहिवाशाला वाटावें, कीं हें आपलेंच गांव. तसें नाहीं. वर्णन जुळतें तें धामणगांव गढी या गांवाशीं. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालें, कीं डोंगर जेथें सुरू होतो तेथें तें आहे, आणि त्याची गढी अजून नांवांत टिकून आहे. येथल्या धामणगांवाला ‘रेल्वे’ हें उपपद चिकटलें तें पुष्कळ मागाहून. भुसावळहून येणारा लोहमार्ग १८६७ मध्यें नागपुरास पोंचला आणि वाटेवरील हें ठाणें कापसाचें झालें. यवतमाळकडच्या गाड्या येथें येऊन रित्या होऊं लागल्या. एक धामणगांव डोंगराच्या दाराशीं, दुसरें वर्धेच्या कांठापासून थोड्या अंतरावर. १८०३ ची हकीकत पहिल्यापाशीं सुरू होते आणि दुसऱ्यापाशीं संपते.

गाविलगड मेळघाटांत, पूर्णा आणि तापी या दोन नद्यांच्या मधल्या डोंगररांगेवर आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ३६०० फूट, आणि पायथ्याच्या बाजूचें अचलपूर सुमारें १२०० फुटांवर; म्हणजे मैदानांतून येणाराला एकंदर चोवीसशें फूट वर जावें लागतें. नांवावरून पाहतां येथील मूळची वस्ती गवळ्यांची, आणि त्यांची कांहीं तरी मातीची गढी प्रथम असावी असें मानतात. पक्का किल्ला बहामनी सुलतान अहमदशहा वली यानें १४२५ च्या सुमारास बांधविला, असें फेरिस्ता लिहितो. पुढें इमादशाहीचा मूळ पुरुष फत्तेउल्ला इमादुल्मुल्क यानें तट वाढवून १४८८ च्या सुमारास त्यास नवें बळ दिलें. हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरच्या बाजूचा, ब्राह्मण कुळांत जन्मलेला आणि लहानपणीं बहामनी सैन्याच्या हातीं सांपडलेला. दिल्ली दरवाजावर दोन मुखांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे, तो पाहतांना ही गोष्ट आठवावी. मुसलमानी किल्ल्याच्या कमानीवर विजयनगरचें चिन्ह कोठून आलें, याचें कोडें मग पडत नाहीं. इमादशाहीनंतर अहमदनगर, मोंगल, निजाम असे धनी बदलत गड अठराव्या शतकांत नागपूरकर भोसल्यांकडे आला.

१८०२ च्या शेवटच्या दिवशीं बाजीरावानें वसईस इंग्रजांशीं तह केला आणि त्यांतून दुसऱ्या वर्षीं युद्ध पेटलें. दौलतराव शिंदे आणि दुसरे रघुजी भोसले हे एका बाजूस, इंग्रज व निजाम हे दुसऱ्या बाजूस. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईची लढाई झाली. २१ ऑक्टोबरला कर्नल स्टीव्हन्सननें असीरगड घेतला. २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेस आडगांवच्या मैदानावर रघुजींचा भाऊ मन्याबापू याची फौज मोडली. त्या लढाईच्या दिवशीं स्टीव्हन्सन इतका आजारी होता, कीं त्याला हत्तीवर बसून सैन्य चालवावें लागलें. पायदळांतील जे वांचले त्यांपैकीं बरेच किल्लेदार बेनीसिंग याच्याबरोबर गाविलगडावर चढून गेले. भोसल्यांचे वकील तहाचें बोलणें करीत होते. पण गड उभा होता तोंवर त्या बोलण्यांत वजन होतें.

५ डिसेंबर रोजीं जनरल आर्थर वेलस्ली व स्टीव्हन्सन एलिचपुरास आले. एलिचपूर तेव्हां निजामाच्या वतीनें नबाब सलाबतखानाकडे होतें, त्यामुळें त्यांना तेथें परकेपणा नव्हता. एक दिवस त्यांनीं मुक्काम केला तो विसाव्यासाठीं नव्हे. आडगांवच्या जखमी शिपायांसाठीं तेथें रुग्णालय उभें केलें आणि चढण्यास जे असमर्थ होते त्यांना मागें ठेविलें. डोंगरांत जातांना अंगावरचें ओझें पायथ्याशीं उतरावें, ही चढणाराची पहिली रीत; एका माणसाला जी लागू, ती हजारोंच्या फौजेलाहि लागू.

आतां वाटा. गड घेतला त्याच दिवशीं वेलस्लीनें आपल्या वडील भावाला, म्हणजे गव्हर्नर जनरलला, जो खलिता लिहिला त्यांत त्यानें या वाटा इतक्या नीट सांगितल्या आहेत, कीं आजहि तो कागद हातीं धरून गड ओळखतां येईल. गडाचे भाग दोन. आंतला किल्ला दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि तेथें कडा सर्वांत उभा आहे. त्याच्या वायव्येस व उत्तरेस बाहेरचा किल्ला आहे, आणि उत्तरेकडून येणाऱ्यास अडविण्यासाठीं त्यालाहि पुढें आणखी एक तट आहे. दरवाजे तीन दिशांना. दक्षिण दरवाजाची चढण लांब आणि अति उभी. माणूस पायीं चढेल, दुसरें कांहीं चढणार नाहीं. वायव्य दरवाजाची वाट शिबंदीच्या रोजच्या वहिवाटीची, परंतु ती गडाच्या पश्चिम अंगाला बिलगून येते. पुष्कळ अंतरापर्यंत ती तोफांच्या माऱ्याखालीं असते, अरुंद असते, आणि दोन्ही बाजूंनीं खडक तासलेला. तिसरी वाट उत्तरेची. लबाडा नांवाच्या खेड्यापासून ती थेट उत्तर दरवाजाशीं जाते आणि तेथें जमीन गडाच्या पातळीला येऊन मिळते. तेथें पोंचलें, कीं चढण संपली. अडचण एवढीच, कीं लबाड्यास पोंचण्यासाठीं एलिचपुराहून डोंगरांतून सुमारें ३० मैलांचा फेरा घ्यावा लागतो. सरळ रेषेंत पाहिलें तर गड एलिचपुरापासून पंधरा मैलांच्या आंतबाहेर. म्हणजे अंतर दुप्पट, आणि त्या अंतरांत गाडीची वाटहि नाहीं.

दोघांनीं लांबचीच वाट निवडली.

ती निवडतांना त्यांनीं काय केलें, हें वेलस्लीनें एका वाक्यांत सांगून टाकलें आहे : एलिचपुरास चौकशी केल्यावर हीच वाट सर्व बाजूंनीं सोयीची दिसली. ही चौकशी कोणापाशीं केली, हें मात्र त्या खलित्यांत नाहीं. गडाची मापें, वाटेंतील नाले, कोठें पाणी मिळतें, कोठें तोफेचें चाक अडेल, हें सर्व सांगणारीं माणसें विलायतेहून आलेलीं नव्हतीं. तीं येथलींच असलीं पाहिजेत : एलिचपूरचे सरदार-शिलेदार, डोंगरांत गुरें नेणारे गवळी, रानाची खडान्‌खडा माहिती असलेले कोरकू. पलटणींचे आंकडे आणि अधिकाऱ्यांचीं नांवें कागदावर आलीं. ज्यांच्या सांगण्यावर सर्व बेत उभा राहिला त्यांपैकीं एकाचेंहि नांव आलें नाहीं. त्यांच्या मनांत भोसल्यांविषयीं राग होता, निजामाचा धाक होता, कीं पैशाची गरज होती, याचा निकाल आतां लागणें नाहीं. पण या गडाचा इतिहास शाळेंत शिकवितांना जनरलाच्या नांवाबरोबर ही मोकळी जागाहि दाखविली पाहिजे.

बेत ठरला तो असा. असीरगडाहून निघतांनाच स्टीव्हन्सनच्या फौजेनें वेढ्याचें साहित्य बरोबर घेतलें होतें, कारण ही कामगिरी तिच्यासाठींच राखून ठेविलेली होती. म्हणून मुख्य हल्ला त्यानें उत्तरेकडून करावा. वेलस्लीनें घोडदळासह दक्षिणेच्या मैदानांत राहून त्याची पाठ राखावी आणि साधल्यास दक्षिणेकडून व पश्चिमेकडून शत्रूला गुंतवावें. डोंगराच्या तोंडावरचें तें धामणगांव आधींच ताब्यांत घेण्यासाठीं एक तुकडी पुढें गेली, आणि दुसरी गडाच्या दक्षिणेकडील शत्रूच्या चौक्या हटविण्यास निघाली. ७ डिसेंबरला दोन्ही फौजा एलिचपुराहून हालल्या. एक डोंगरांत शिरली, दुसरी गडाच्या दक्षिण तोंडाकडे गेली.

७ पासून १२ तारखेपर्यंतचे दिवस हेच या मोहिमेचें खरें काळीज आहे. लढाई पुढें एका सकाळींत आटोपली. परंतु गड पडला तो या पांच दिवसांत. श्रोत्यांनीं क्षणभर आंकडे मनांत धरावे. अठरा पौंडी लोखंडी तोफ म्हणजे जिचा गोळा अठरा पौंडांचा. ती तोफ स्वतः वजनानें पन्नास मणांच्या आसपास भरते. अशा दोन, शिवाय बारा पौंडी तोफा, गरनाळा, दारू, गोळे, शिड्या, आणि एवढ्या माणसांचें धान्य. हें सारें सागवान, बांबू आणि करवंदीच्या जाळींतून, एका दरींतून उतरून दुसरीच्या काठावर चढत जावयाचें. जेथें वाट नव्हती तेथें ती प्रथम करावयाची : झाडें तोडावयाचीं, दगड फोडावयाचे, नाल्याचे कांठ उतरते करावयाचे. बैल जेथें थकले किंवा पाय देईनात, तेथें माणसांनीं दोर खांद्यावर घेतले. जवळजवळ सर्व अंतरभर तोफा हातांनीं ओढल्या गेल्या. तीस मैलांस पांच दिवस. म्हणजे दिवसाला सहा मैल. ज्या अंतराला एकटा वाटसरू दोन तास घेईल, त्याला या फौजेचा एक सबंध दिवस जात होता. असें कष्टाचें काम आनंदानें करणारी फौज आपण पूर्वीं कधीं पाहिली नव्हती, अशा अर्थाचे उद्‌गार वेलस्लीनें काढले आहेत. आनंदाविषयीं शंका घेण्यास जागा आहे, कष्टांविषयीं नाहीं. आणि दोर ओढणाऱ्यांत गोऱ्या शिपायांच्या जोडीला मद्रासेकडचे देशी शिपाई मोठ्या संख्येनें होते, हें विसरून चालणार नाहीं.

उतारावरची कामगिरी चढापेक्षां बिकट असते, हें ज्यानें भरलेली गाडी घाटांतून उतरविली आहे त्यालाच ठाऊक. चढावर दोर सुटला तर तोफ मागें येते आणि माणसें बाजूस उडी घेतात. उतारावर ती पुढच्या माणसांच्याच अंगावर जाते. म्हणून उतारावर अर्धे लोक मागें राहून तोफ धरून ठेवीत. या गोष्टी खलित्यांत येत नाहींत, कारण त्या कोणत्याहि घाटांत नित्याच्याच.

आतां दक्षिणेकडे काय झालें तें पाहावें, म्हणजे वाटेची निवड बरोबर होती कीं चूक, याचा निवाडा आपोआप होतो. १२ तारखेच्या रात्रीं स्टीव्हन्सननें उत्तर तटासमोर दोन मोर्चे उभारले. एकांत दोन अठरा पौंडी व तीन बारा पौंडी लोखंडी तोफा, तट फोडण्यासाठीं. दुसऱ्यांत बारा पौंडी तोफा व गरनाळा, तटावरील माणसांना हटविण्यासाठीं. त्याच रात्रीं वेलस्लीच्या माणसांनीं दक्षिण दरवाजाखालच्या डोंगरावर एक मोर्चा बांधला. त्याच्यासाठीं दोन लोखंडी बारा पौंडी तोफा नेमलेल्या होत्या. मोर्चा तयार झाला, पण तोफा वर गेल्या नाहींत. उभ्या चढणीनें त्यांना जागच्या जागीं धरून ठेविलें. शेवटीं हलक्या पितळी तोफांवर भागवावें लागलें आणि त्यांच्या माऱ्यानें भिंतीला फारसें कांहीं झालें नाहीं. जी वाट नकाशावर जवळची होती तिच्यावरून बारा पौंडी तोफसुद्धां चढली नाहीं. जी दुप्पट लांब होती तिच्यावरून अठरा पौंडी तोफा जाऊन तटासमोर उभ्या राहिल्या.

१३ तारखेच्या सकाळीं तोफांची सरबत्ती सुरू झाली. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटांना चढून जाण्याजोगीं खिंडारें पडलीं. १५ डिसेंबरला सकाळीं दहाच्या सुमारास हल्ला झाला. उत्तरेकडून लेफ्टनंट कर्नल केनी आघाडीवर होता. दक्षिण दरवाजावर ७४ व्या पलटणीसह वॅलेस, वायव्य दरवाजावर ७८ व्या पलटणीसह चाल्मर्स. बाहेरचा किल्ला फारसा वेळ टिकला नाहीं. शिबंदीपैकीं पुष्कळजण वायव्य दरवाजानें निसटूं पाहत होते. समोरून चाल्मर्स आला आणि ते दोन्हींच्या कैचींत सांपडले.

परंतु आंतला किल्ला अजून अभंग होता. त्याच्या तटाला खिंडार पडलेलें नव्हतें. मधल्या दरवाजावर दोनचार धडका बसल्या, त्यांनीं कांहीं साधलें नाहीं. केनी जबर जखमी झाला आणि त्या जखमांतून तो उठला नाहीं. तेव्हां तटाची एक अशी जागा शोधून काढण्यांत आली, कीं जेथें शिडी लावतां येईल. ९४ व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल आपल्या लोकांसह तेथून चढला, आंत उतरला आणि त्यानें दरवाजा उघडला. तीस मैलांच्या त्या सर्व खटाटोपाचा शेवट असा शिडीच्या कांहीं पायऱ्यांवर झाला. किल्लेदार बेनीसिंग व त्याचे रजपूत लढत पडले. दरवाजांशीं प्रेतांचे ढीग पडले होते. हल्ला करणाराची हानि त्या मानानें फार थोडी झाली, आणि इंग्रज लेखकांनीं तिचे तंतोतंत आंकडे दिले. गडावर किती माणसें मेलीं त्याला त्यांच्याजवळ ‘पुष्कळ’ एवढाच शब्द होता.

गड कां पडला, याचीं कारणें पुष्कळांनीं दिलीं आहेत : फितुरी, दारूगोळ्याचा तुटवडा, दैव. एवढें लांब जाण्याचें कारण नाहीं. शिबंदीचा सारा भरंवसा चढणीवर होता, आणि उत्तरेकडे ती चढण नव्हतीच. तेथें डोंगर गडाच्या उंचीला येऊन टेकतो. ती उणीव बांधणारांना माहीत होती, म्हणून तर तेथें एकावर एक तट घातले. त्या तटांचें रक्षण खरें व्हावयाचें तें पुढच्या तीस मैलांत. तोफा दोरांनीं ओढीत, माणसें हातघाईस आलेलीं असतां, कोठल्याहि खिंडींत शेंपन्नास बंदुका त्यांचा एकेक दिवस खाऊं शकल्या असत्या. परंतु आडगांवला फौज मोडल्यावर बाहेर राहून असें करणारें मोठें सैन्य उरलें नव्हतें, आणि गडावर जे होते ते तटाच्या आंत बसले.

पुढचें फार झपाट्यानें झालें. १५ ला गड पडला आणि १७ डिसेंबर १८०३ रोजीं देवगांवच्या मुक्कामीं तह झाला. भोसल्यांच्या वतीनें यशवंतराव रामचंद्र यांनीं त्यावर सही केली. कटक व बालेश्वर इंग्रजांकडे गेलें, ही गोष्ट सर्व पुस्तकांत असते. वऱ्हाडाला जें लागलें तें निराळें. तोंवर या प्रांतांत दुअमली होती. एकाच गांवचा वसूल निजामाचे आणि भोसल्यांचे असे दोन्ही अंमलदार नेत. तहानें ती मोडली. वर्धा नदी उगमापासून गोदावरीच्या बाजूच्या संगमापर्यंत हद्द ठरली आणि तिच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा हक्क संपला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले मात्र, त्यांच्या दक्षिणेकडील चार लाखांच्या मुलखासह, भोसल्यांकडेच ठेवण्यांत आले. ज्या गडासाठीं इतकें रक्त सांडलें तो दोनच दिवसांनीं ज्याचा त्याला परत! यांत औदार्यापेक्षां हिशेब अधिक होता. मैदान हातचें गेल्यावर एकटा गड कोणाच्या उपयोगाचा?

आजच्या धामणगांव रेल्वेचें शिवार वर्धेच्या पश्चिमेला आहे. म्हणून तें १८०३ च्या त्या तहानें भोसल्यांच्या हिशेबांतून निघालें आणि एकट्या निजामाच्या अंमलाखालीं गेलें. नदीच्या पलीकडचें पुलगांव नागपूरकरांकडे राहिलें. सकाळीं पलीकडल्या गांवीं बाजाराला जाणारा शेतकरी संध्याकाळीं दुसऱ्या राज्यांतून परत येऊं लागला. सोयरीक, देणें-घेणें, तंटा, सारें नदीनें दुभंगलें. १८२२ मध्यें गाविलगड आणि नरनाळाहि निजामाकडे गेले. १८५३ त निजामानें फौजेच्या कर्जापोटीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, तरी नांवाची मालकी त्याचीच राहिली; त्याच वर्षाच्या शेवटीं नागपूरचे भोसलेहि निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षीं त्यांचें राज्य खालसा झालें. १८५८ मध्यें तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेकडे आला, तेव्हां हा गड त्याच्या हातीं लागूं नये म्हणून इंग्रजांनीं त्याचे तट पाडले. आज जीं पडझड दिसते तींतील सगळी काळानें केलेली नाहीं.

आतां पुन्हां तरुणांच्या त्या एका दिवसाच्या बेताकडे. डिसेंबरांत या भागांत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळीं पावणेसहाच्या आंत मावळतो. म्हणजे हातीं अकरा तासहि पुरते नाहींत. धामणगांव रेल्वेहून पहांटे निघून हा दिवस साधत नाहीं. मुक्काम आदल्या रात्रीं परतवाड्यासच हवा. चालण्याच्या वेळेचा एक जुना ठोकताळा आहे, तो स्कॉटलंडच्या नेस्मिथ नांवाच्या गिर्यारोहकानें १८९२ मध्यें घालून दिला : दर तीन मैलांस एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. समजा आठ मैलांची चाल आणि चोवीसशें फूट चढ आहे. तर चालीचे पावणेतीन आणि चढाचा सव्वा, असे चार तास होतात. हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि थंड देशांतला. वऱ्हाडी उन्हांत, पाठीवर पाणी घेऊन, याच्या दीडपट धरावे. गड नुसता शिवून यावयाचा नाहीं. दिल्ली दरवाजा, पीर फत्ते दरवाजा, तलाव, मशीद, पडक्या तटांवरच्या तोफा, यांना दोन तास कमीच. दुपारीं एक वाजतां जेथें असाल तेथून पाय परतले पाहिजेत, हा नेम पायथ्याशींच करावा, कारण वर गेल्यावर तो कोणी करीत नाहीं.

दुसरी गोष्ट रानाची. १९७४ पासून मेळघाट हें व्याघ्रराखीव क्षेत्र आहे आणि गड त्याच्याच रानांत आहे. वाघ, बिबट्या, अस्वल यांची वस्ती आहे. दक्षिणेच्या उभ्या सोंडेनें, परवानगीवांचून, वाट हुडकीत जाण्याचा हट्ट मूर्खपणाचाच नव्हे, बेकायदेशीरहि आहे. वन खात्याकडे आधीं विचारावें, स्थानिक वाटाड्या घ्यावा, आणि त्याचें नांव आपल्या टिपणवहींत लिहून ठेवावें. ज्यांना माथाच गांठावयाचा आहे त्यांनीं हेंहि ध्यानांत घ्यावें, कीं गाविलगड या रांगेंतील सर्वांत उंच जागा नव्हे. चिखलदऱ्याजवळचा वैराटचा माथा ११७८ मीटरांवर, म्हणजे गडाहूनहि वर आहे.

आणि वाट? परतवाड्याहून धामणगांव गढीवरून चिखलदऱ्यास मोटारीची सडक जाते. वळणें पुष्कळ, अंतर जास्त. चिखलदऱ्याहून गड थोड्याच अंतरावर आहे आणि त्या बाजूनें गेलें, कीं जमीन आपोआप गडाच्या पातळीला येते. पाण्याची बाटली हातीं घेतलेलीं मुलेंहि तेथून सुखरूप आंत जातात. दोन अठरा पौंडी तोफा ओढून ज्या बाजूनें फौज आली ती हीच. उत्तर तटाशीं उभें राहून मागें पाहिलें तर रान एकसारखें हिरवें-तांबूस पसरलेलें दिसतें. त्यांतून कोणे एके काळीं कोणी रस्ता काढला होता, याची एकहि खूण उघड्या डोळ्यांना सांपडत नाहीं. दक्षिणेच्या कड्यावर गेलें तर खालीं अचलपूरचें मैदान, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्याहि पुढचा धुरकट सपाट मुलूख.

परतीची मंडळी रात्रीं उशिरां धामणगांव रेल्वेला उतरतात. तीच गाडी पुढें निघते, कांहीं मिनिटांत वर्धेच्या पुलावर तिचा आवाज बदलतो, आणि पलीकडे पुलगांव लागतें. नदी आज दोन राज्यांची हद्द नाहीं. एका बाजूस अमरावती जिल्हा, दुसऱ्या बाजूस वर्धा, एवढेंच.